कॅश शॉर्ट

मधुमेहाच्या क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना "मनावर ताबा नाही" ही तक्रार रोजच कानावर येते. त्या दिवशी ती एका कॅशियरकाकांच्या पत्नीने केली. काकांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ७.२ वरून ८.८ वर गेलं होतं. "सकाळी शहाण्यासारखं वागतात हो, संध्याकाळी काय होतं कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. काका मान खाली घालून बसले होते.

त्यांनी खाण्याची वही आणली होती. बँकेतला माणूस, त्यामुळे रकाने आखलेले, वेळा टाकलेल्या. नाश्ता आणि दुपारचा डबा अगदी ठरल्याप्रमाणे. मधूनच एखाद्या संध्याकाळी मात्र दोन वडापाव, पाव किलो जिलबी. त्याच ओळीच्या कडेला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं: "शॉर्ट ५००", "शॉर्ट २०००". मी पानं उलटत गेले. जिलबी आणि "शॉर्ट" जवळजवळ प्रत्येक वेळी एकत्रच.

"कॅश जुळली नाही की खिशातून भरावे लागतात," काका म्हणाले. "नोटा पुन्हा पुन्हा मोजायच्या, सगळे घरी जायला खोळंबलेले. बाहेर पडलो की समोरच गाडी."

काकूंना मी झुरिच विद्यापीठातला २०१५चा प्रयोग सांगितला. त्यात आधीपासूनच जपून खाणारी माणसं घेतली होती. काहींना तीन मिनिटं बर्फाळ पाण्यात हात धरून ठेवायला लावला आणि मग खाण्याचे पदार्थ निवडायला सांगितले. ताण दिलेल्यांचा कल आरोग्यापेक्षा चवीकडे जास्त झुकला. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पुढचा विचार करून आपल्याला आवरतो. ताणात नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं प्रमाणाबाहेर वाढली की तिथल्या पेशींचं आपसातलं काम ढिलं पडतं आणि जुन्या सवयी, तात्काळ सुख यांचं फावतं. शिवाय ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्वतःच रक्तातली साखर वाढवतं, म्हणजे मधुमेही माणसाला दुहेरी मार. अशा माणसाला निश्चयाचे धडे देणं मला अन्यायाचं वाटतं. निश्चय सकाळी होताच की! ज्या घडीला तो लागतो, नेमकी तेव्हाच मेंदूची ती बाजू लंगडी असते.

म्हणून आहाराचा तक्ता मी बदललाच नाही. त्या घडीला काही ठरवायची वेळच येऊ नये, एवढंच पाहिलं. कॅश मोजायला बसण्याआधी, साडेचारला, मूठभर फुटाणे आणि ताक. निघताना मागच्या गेटने. कॅश शॉर्ट आली तर आधी घरी फोन.

"मला फोन?" काकू चमकल्या. "हे शॉर्टचं मला कधी बोललाच नाहीत."

"पैसे गेले म्हणून ओरडशील वाटलं."

त्या काही बोलल्या नाहीत. वही ओढून घेतली आणि पेन्सिलीतले आकडे एकेक करून वाचू लागल्या.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.६ आलं. गोळ्या त्याच होत्या. आता मार्चएंड येतोय. त्या आठवड्यात काकांना मी स्वतःहून फोन करणार आहे.