मार्सेयमध्ये तीन दिवस: आधी वारा बघा, मग बेत आखा

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही मार्सेयच्या जुन्या बंदरावर उभे होतो. आकाशात ढगाचा ठिपका नाही, लख्ख ऊन, आणि तिकीट खिडकीवर पाटी: इफ बेटावर आज बोट लागणार नाही. आईला वाटलं, काही संप वगैरे असेल. कारण होतं मिस्त्राल. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून सुसाटत येणारा हा कोरडा वारा आकाश स्वच्छ करून टाकतो आणि समुद्र खवळवतो. आपल्याकडे वादळ म्हणजे काळे ढग, त्यामुळे ही फसगत होतेच. म्हणून जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघा. वारा पडलेला असेल तो दिवस समुद्राला द्या, सुटलेला असेल तो शहराला. तिकिटं तारखेनिशी आधीच काढून ठेवली तर ही अदलाबदल जमत नाही.

आमचा पहिला दिवस मग शहराचा झाला. धक्क्यावर सकाळी कोळी मासळी विकायला बसतात, ते आधी पाहून घ्या, दुपारपर्यंत सगळं आवरतं. शेजारीच २०१३ साली उभारलेलं नॉर्मन फॉस्टर या वास्तुकाराचं आरशाचं छत आहे, मान वर केली की आपणच उलटे चालताना दिसतो. तिथून चालत म्युसेम या संग्रहालयापर्यंत जाता येतं. मंगळवारी ते बंद असतं. आत फार वेळ नसेल तर एवढं करा: गच्चीवरून निघणाऱ्या अरुंद पुलाने सेंट जाँच्या किल्ल्यात उतरा. किल्ल्याची तटबंदी आणि बाग फुकट बघता येते.

बाजूच्याच इमारतीत कोस्केर गुहेची प्रतिकृती आहे, २०२२ मध्ये उघडलेली. खऱ्या गुहेचं तोंड समुद्रात ३७ मीटर खोल आहे. आंरी कोस्केर या पाणबुड्याने १९८५ मध्ये ती शोधली. हजारो वर्षांपूर्वी समुद्र खूप खाली होता, तेव्हा माणसं तिथे चालत जात. त्यांनी भिंतींवर घोडे काढले, सील काढले आणि हाताचे ठसे उमटवले. एका ठशाशी आई बराच वेळ थांबली. लहान मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका.

आणि मग ज्यासाठी आई आली होती ते. शाळेच्या पुस्तकातलं ‘मार्सेलिस’ ते हेच. ८ जुलै १९१० च्या सकाळी सावरकरांनी मोरिया बोटीच्या गवाक्षातून इथल्या बंदरात उडी घेतली. पोहत ते किनाऱ्याला लागले आणि धावत सुटले. पण फ्रेंच सागरी पोलिसातल्या एकाने त्यांना पकडलं आणि पुन्हा बोटीवर नेऊन दिलं. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला असं परत देता येतं का, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. ला माजोर या पट्ट्यापट्ट्यांच्या कॅथेड्रलसमोरच्या मोकळ्या जागेत उभं राहिलं की जोलिएतची गोदी आणि कॉर्सिकाला जाणाऱ्या मोठ्या बोटी दिसतात. आम्ही संध्याकाळी तिथे गेलो. वारा तेव्हाही कमी झाला नव्हता. आई म्हणाली, “एवढं उंच जहाज असतं, मला वाटलं नव्हतं.” नंतर ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. सकाळच्या पहिल्या बोटीने इफला गेलो. सोळाव्या शतकातला हा किल्ला पुढे तुरुंग झाला आणि एका फ्रेंच कादंबरीने जगभर पोचला. कोठड्या तासाभरात बघून होतात. त्याच फेरीत पुढे फ्रिउल बेटांवर जा. तिथे पांढरा खडक आणि पोहण्याजोगं नितळ पाणी आहे, सावली मात्र जवळजवळ नाही. टोपी आणि पाणी बरोबर घ्याच.

दुपारी नोत्र-दाम द ला गार्द, टेकडीवरचं मेरीमातेचं चर्च. टेकडी चढायला सोपी नाही, जुन्या बंदरापासून ६० नंबरची बस थेट वर नेते. मार्सेयची माणसं इथल्या मेरीमातेला ‘बॉन मेर’, म्हणजे चांगली आई म्हणतात. आत छताला छोट्या होड्या टांगलेल्या, भिंतींवर नवस फेडलेल्यांच्या संगमरवरी पाट्या, वादळातून वाचलेल्या गलबतांची चित्रं. हे बघताना मला परकं काहीच वाटलं नाही. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. प्रवेशाला पैसे नाहीत.

तिसरा दिवस कालांक, म्हणजे चुनखडीच्या कड्यांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या. शहरातल्या कास्तेलान चौकातून बी-वन बस ल्युमिनीला जाते, पुढे पायी. जून ते सप्टेंबर वणव्याचा धोका असतो, त्यामुळे वाटा अचानक बंद करतात. आदल्या संध्याकाळी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून मगच निघा. यांतल्या सुजिताँ या खाडीला भर उन्हाळ्यात आरक्षण लागतं, ते मोफत आहे. आत प्यायचं पाणी कुठेच नाही. पाण्यापर्यंतची शेवटची उतरण गुडघ्यांची परीक्षा घेते, आई वरच्या सज्ज्यावरच थांबली आणि तिथूनही तिला सगळं दिसलं. परतताना त्याच बसने वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या सिते रादिएज या इमारतीपाशी उतरा. १९५२ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत चंडीगड पाहिलेल्याला लगेच ओळखू येईल. गच्चीवर नक्की जा.

थोडा वेळ उरला तर माझार्गचं युद्धस्मशान. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये हिंदुस्थानी फौजा याच बंदरात उतरल्या होत्या. तिथे त्यांचं स्मारक आहे. मेट्रोने रों-प्वँ द्यु प्रादोपर्यंत आणि पुढे बस. फुलं घेऊन जा, तिथे जवळ मिळत नाहीत म्हणून आम्हाला रिकाम्या हाताने उभं राहावं लागलं.

खाण्याचं थोडक्यात. बुयाबेस हे माशांचं कालवण प्रसिद्ध आहे. चांगल्या ठिकाणी ते महाग असतं आणि बऱ्याचदा आधी सांगून ठेवावं लागतं. आधी पाव आणि लसणाच्या लाल चटणीबरोबर रस्सा येतो, मासे वेगळे येतात. शाकाहारी असाल तर पानिस शोधा. हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेलं, म्हणजे आपली पाटवडीच तळलेली. तळणीचं तेल मासळीचं नाही ना, एवढं विचारून घ्या. आईने दोन दिवस तेच खाल्लं आणि संत्र्याच्या फुलाच्या वासाची नावेत बिस्किटं घरी आणली. होडीच्या आकाराची ही बिस्किटं कडक असतात, पण प्रवासात टिकतात, चहात बुडवून छान लागतात.