गिटारचे टोचणारे फ्रेट आणि सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, हवेतला ओलावा जातो आणि गिटारच्या नेकवरून (लांब दांड्यावरून) हात फिरवला की फ्रेटची, म्हणजे त्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं टोचू लागतात. फ्रेट वाढलेला नसतो, लाकूड आकसलेलं असतं. लाकडाची लांबी जवळपास बदलत नाही, रुंदी मात्र कमी होते, आणि धातू होता तेवढाच राहतो. एक-दोन दशांश मिलिमीटर बाहेर आलेलं टोकसुद्धा हाताला लगेच कळतं.

कानस उचलण्याआधी गिटार कोणती आहे ते बघा. सॉलिड टॉपची (वरची फळी प्लायऐवजी अखंड लाकडाची असलेली) अकूस्टिक असेल तर आधी ओलावा द्या, कारण हाच कोरडेपणा टॉपला तडा पाडू शकतो. भोकं असलेल्या साबणदाणीत घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती केसमध्ये ठेवा, सोबत छोटा आर्द्रतामापक टाका आणि दहा-पंधरा दिवस 45 ते 50 टक्के राखा. बऱ्याचदा टोकं आपोआप आत जातात. जी उरतील तेवढीच घासा. कूलरच्या झोतात गिटार ठेवणं हा उपाय नाही. रात्री दमट, दुपारी कोरडं, अशा हेलकाव्यांनी लाकूड जास्त त्रास सोसतं. वर्षभर स्टँडवर राहणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारचे फ्रेट मात्र भर मेमध्येच घासावेत. तेव्हा लाकूड सर्वांत आकसलेलं असतं, त्यामुळे पावसाळ्यात टोकं किंचित आत गेली तरी काही बिघडत नाही.

सामान थोडंच लागतं: बारीक दातांची सपाट कानस, छोटी तिकोनी कानस, मास्किंग टेप, 600 आणि 1000 नंबरचा वॉटर पेपर. नाजूक कानशी सोनारकामाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. तिकोनी कानशीच्या तिन्ही धारांवरचे दात ग्राइंडरवर किंवा ऑइलस्टोनवर घासून गुळगुळीत करून घ्या. हे टाळलं तर प्रत्येक फ्रेटशेजारी लाकडावर ओरखडा पडणार.

तारा काढा, नेकखाली सोलापुरी चादरीची जाड घडी द्या. प्रत्येक टोक बोटानं दाबून पाहा. हलत असेल तर आधी तो फ्रेट नीट बसवून पातळ सुपरग्लूचा एक थेंब खाचेत मुरू द्या. सैल फ्रेटवर कानस चालवली की तो आणखी उचलला जातो. मग फ्रेटच्या मधलं लाकूड आणि नेकची कड टेपनं झाका.

आता सपाट कानस नेकच्या कडेला समांतर टेकवून लांब, हलके हात मारा. बाहेर आलेला धातू कापला जात असताना करकर ऐकू येते. आवाज मऊ झाला किंवा कानस टेपला लागली की थांबा. यानंतर फ्रेटच्या टोकाचा मूळचा तिरका उतार, जो बहुधा उभ्या रेषेपासून 30-35 अंशांचा असतो, त्याच कोनात दोन-तीन हात पुरे. इथे हौस नडते: उतार जास्त आत गेला की पहिली तार वाजवताना कडेवरून घसरते, आणि मग फ्रेट बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

खरं काम कोपऱ्यांचं आहे. प्रत्येक टोकाला दोन, म्हणजे 20 फ्रेटच्या गिटारला 80 कोपरे. तिकोनी कानशीची गुळगुळीत धार लाकडाकडे ठेवून वरून खाली, फ्रेटबोर्डाच्या (फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीच्या) दिशेनं गोलाई देत तीन-चार हात मारा. उलट, वर ओढत घासू नका. त्यानं फ्रेट उचलला जातो. मग 600, त्यानंतर 1000 चा पेपर बोटाभोवती गुंडाळून फिरवा. शेवटी जुनी शिफॉनची ओढणी कडेवरून ओढा. जिथे धागा अडकतो तो कोपरा पुन्हा घ्या.

बहुतेक फ्रेट जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यांचा भुसा चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तो ब्रशनं झाडा. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप (तारांखालचे, आवाज पकडणारे चुंबकाचे भाग) आधी टेपनं पूर्ण झाका. त्याचे कण चुंबकावर बसले की निघता निघत नाहीत. स्टेनलेस स्टीलच्या फ्रेटवर साधी कानस लवकर बोथट होते, तिथे डायमंड कानस घ्या. नेकला प्लास्टिकची बाइंडिंग (कडेला लावलेली पट्टी) असेल तर कडेनं कानस चालवूच नका, फक्त कोपरे घ्या.

शिसवी किंवा एबनी फ्रेटबोर्डावर मिनरल ऑइलचे चार थेंब चोळून लगेच पुसा. खोबरेल नको, ते पुढे खवट होऊ शकतं. लॅकर केलेल्या मेपलला तेल लागतच नाही. तारा चढवून ट्यूनिंग केल्यावर नेकचा बाकही तपासा, कारण कोरड्या हवेत तोही बदललेला असतो.