किलॉर्ग्लिनची पक फेअर: बोकडाचं राज्य आणि घोड्यांचा बाजार

आयर्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात, काउंटी केरीमध्ये, लॉन नदीच्या काठी किलॉर्ग्लिन नावाचं छोटं गाव आहे. ‘रिंग ऑफ केरी’ हा निसर्गरम्य वळसा-रस्ता बघायला निघालेल्या बस एरवी इथे घटकाभर थांबून पुढे जातात. पण १०, ११ आणि १२ ऑगस्टला इथे पाय ठेवायला जागा नसते. वार कुठलाही असो, पाऊस असो वा ऊन, पक फेअर या इथल्या जत्रेच्या तारखा हलत नाहीत.

जवळच्या किलार्नी शहरापर्यंत मी रेल्वेने आलो, पुढे बस. पूल ओलांडला की रस्ता थेट चढाला लागतो आणि गावाच्या चौकात पोचतो. पुलाजवळच बोकडाचा पुतळा आहे. जत्रेचा राजा हाच. जत्रेच्या आधी डोंगरातून एक रानबोकड पकडून आणतात, माणसांची सवय व्हावी म्हणून काही दिवस सांभाळतात आणि १० तारखेला मिरवणुकीने चौकात नेतात. तिथे त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवते गावातल्याच शाळेतली एक मुलगी, त्या वर्षीची राणी. मग ‘किंग पक’ला उंच मचाणावर चढवतात आणि १२ तारखेला पुन्हा डोंगरात सोडून देतात.

पूर्वी तो तिन्ही दिवस वरच असायचा. २०२२च्या कडक उन्हात त्याला खाली उतरवावं लागलं, बरीच टीकाही झाली आणि पुढे मचाणावरचा वेळ पुष्कळ कमी करण्यात आला. मला हे मनापासून पटलं. जनावराला त्रास न देताही राज्याभिषेकाचा आनंद तेवढाच राहतो.

बोकडच का? लोक सांगतात ती कथा सतराव्या शतकात आयर्लंडवर चालून आलेल्या क्रॉमवेल या इंग्रज सेनानीच्या काळातली. त्याचे सैनिक लूटमार करत येत असताना कळपातून फुटलेला एक बोकड धापा टाकत गावात शिरला, त्यावरून लोक सावध झाले आणि गाव वाचलं. पण इंग्लंडचा राजा पहिल्या जेम्सने या जत्रेचा कर गोळा करण्याचा हक्क दिला तो १६१३ साली, म्हणजे क्रॉमवेल आयर्लंडमध्ये उतरण्याच्या ३६ वर्षं आधी. जत्रा त्याहूनही जुनी असावी. काही जण तिचं नातं लूनसा या सुगीच्या प्राचीन सणाशी जोडतात आणि मला तेच जास्त पटतं.

माझ्यासाठी मात्र पक फेअर म्हणजे पहिल्या दिवशीचा घोडेबाजार. मिरवणूक संध्याकाळी असते म्हणून बरेच पर्यटक दुपारनंतर उगवतात आणि जत्रेचा गाभाच त्यांच्या हातून निसटतो. सकाळी लवकर जा. पायांवर झुपकेदार केस असलेले पांढरे-काळे कॉब घोडे, लहान तट्टं, शिंगरं, आणि पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांचा व्यवहार करत आलेला ‘आयरिश ट्रॅव्हलर’ हा भटका समाज. कोणी दात तपासतंय, कोणी खूर उचलून बघतंय, कोणी उघड्या पाठीवर बसून घोडा दौडवून दाखवतंय.

सौदा तर बघत राहावा असा. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. इथे सगळं चारचौघांत. खरेदीदार तोंड फिरवून चालू लागतो, मध्यस्थ त्याला दंडाला धरून परत आणतो, दोघांचे हात ओढून एकमेकांवर ठेवतो. हातावर टाळी पडली की सौदा पक्का. मग विकणारा मिळालेल्या पैशांतले थोडे शुभ म्हणून परत देतो. याला ‘लक मनी’ म्हणतात. सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहिलेल्या माणसाला इथे अजिबात परकं वाटणार नाही.

दुसरा दिवस गुरांच्या बाजाराचा. संध्याकाळी चौकात गाणं-बजावणं असतं आणि ते फुकट. पबना या दिवसांत पहाटे तीनपर्यंत खास परवानगी असते. इंग्लंड-अमेरिकेत गेलेली केरीची माणसं सुट्टी काढून याच दिवसांत घरी येतात. आपल्याकडे गावच्या जत्रेला मुंबई-पुण्याहून माणसं येतात, तसंच. रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारणारी माणसं जागोजागी दिसतात.

गर्दीचा कंटाळा आला तर आसपास बघण्यासारखं पुष्कळ आहे. १९६० साली बंद झालेल्या रेल्वेचा लॉन नदीवरचा जुना पूल आता पायी फिरायला खुला आहे. ग्लेनबे गावाच्या रस्त्यावर केरी बॉग व्हिलेज हे जुन्या वस्तीचं संग्रहालय लागतं. तिथली गवताने शाकारलेली घरं बघितली की एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळाच्या काळातल्या गरिबांचं जगणं थेट समोर येतं. तासभर तरी द्याच. पुढे रॉसबेचा लांबलचक वाळूचा किनारा आहे. डोंगर चढणाऱ्यांना आयर्लंडचं सर्वांत उंच शिखर कॅरनटूहिल, सुमारे १,०३८ मीटर, इथून जवळ पडतं. फक्त हवा बघून निघा, ढग फार झपाट्याने उतरतात.

राहायची सोय महिनोन्‌महिने आधी करा. किलॉर्ग्लिनमध्ये खोली मिळाली नाही तर किलार्नीत बघा, पण १० तारखेची सकाळ चुकवू नका.