तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं होऊनही वारी कशी काय?

दर वर्षी दिवे घाटातला फोटो स्टेटसला टाकला की कुणीतरी विचारतंच, 'एवढं सगळं होऊनही तुझा विश्वास कसा काय गं टिकला?' विचारणारे जवळचेच असतात, ह्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. पण एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, ती सांगते, मग टिकला का नाही ते तुम्हीच ठरवा.

एप्रिल २०२१. ह्यांचा ऑक्सिजन ८४ वर आलेला, चार हॉस्पिटलं फिरून पाचव्याच्या दारात रिक्षात बसलो होतो, मुलगी एकसारखी फोन लावतेय, प्रत्येक नंबर एंगेज, आणि मी गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरून नुसतं 'पांडुरंगा एक बेड, एक बेड' करतेय. रात्री दोनला वॉर्डबॉय बाहेर आला, एक बेड झालाय म्हणाला, आणा पेशंट. मी मोठ्याने म्हणाले, 'पावला गं बाई पांडुरंग!' तिथेच पायरीवर एक पोरगा बसला होता, असेल वीस-बावीसचा. त्याने माझ्याकडे बघितलं. मांडीवर कॅरीबॅग, त्यात चार्जर, पाण्याची बाटली आणि एक चष्मा. बेड कसा 'झाला' ते मला तेव्हा कळलं.

काय बोलणार? काहीच बोलले नाही. ह्यांना आत नेलं.

नवव्या दिवशी तशीच कॅरीबॅग माझ्या हातात होती. जिन्यात एक बाई हात जोडून देवाचे आभार मानत होती. तिचा राग नाही आला मला, खरंच नाही. फक्त त्या पोराला तेव्हा काय वाटलं असेल ते कळलं.

आता सांगा, ह्यात पांडुरंग नक्की कुणाला पावला?

आधीच्या मला विचारलं असतंत तर उत्तर तयार होतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं बाळ गेलं तेव्हा मी त्यांना 'देव करतो ते भल्यासाठीच' असं सांगून आले होते, वर एकादशीचा प्रसादही ठेवून आले. त्या काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. तुकोबांचं दुष्काळात दुकान बुडालं, बायको अन्नावाचून गेली, तरी ते बरंच झालं म्हणाले. असतील ते मोठे. मला नाही बाई म्हणता येत.

त्या वर्षी २० जुलैला आषाढी होती, पादुका सलग दुसऱ्या वर्षी एसटीने पंढरपूरला गेल्या, मी टीव्ही बंद केला आणि माळ काढून कपाटात ठेवली. हेही लिहून टाकते, कारण 'तुझी श्रद्धा कधी डगमगली नाही' असं म्हणता तुम्ही, आणि मीही मान डोलावून गप्प बसते.

मग २०२२ ला कशी गेले? ह्यांचे टाळ २०१९ पासून दिंडीच्या सामानात पडून होते, घेऊन जा म्हणून फोन आला. सामानाचा ट्रक पुढे सासवडला गेलेला, म्हणून पुण्यातून चालत निघाले. एसटी होती की, मग चालत का? माहीत नाही. तीस-बत्तीस किलोमीटर, त्यात तो घाट. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही, टाचेला फोड मात्र आला. पण घाटात पुढचं-मागचं काही सुचत नव्हतं, पुढच्या बाईच्या डोक्यावरची तुळस दिसत होती तेवढी बघून चालत राहिले. टाळ मिळाले. आणले नाहीत, तिथेच ठेवून आले, पुढच्या वर्षी परत जावं लागावं म्हणून असेल.

मागणं तेव्हापासून बंद केलंय. बेड नाही, नोकरी नाही, मुलीचं लग्नही नाही. पहाटे चारला परातीत कणिक घेते तेव्हा त्याला म्हणते, चल रे, उठ. सात डब्यांवर सुरू केलं होतं, आता चौतीस आहेत, ह्यांच्या आजारपणातलं सोनं गेल्या दिवाळीत सोडवलं. मुलगी म्हणते, 'आई, राबतेस तू, क्रेडिट त्याला कशाला?' मी म्हणते क्रेडिट नाही गं, सोबत. ती म्हणते शब्द बदललास फक्त. असेलही.

माळ परत घातलीये. कधी घातली ते आठवत नाही. उद्या एकादशी, निम्मे डबे उपासाचे आहेत, साबुदाणा भिजत घालायचाय अजून.