लेन्स विकताना टॉर्च मारून दाखवा
माझी निकॉनची ५० एमएम १.८ डी ही कॅमेऱ्याची लेन्स ऑनलाइन विकायला टाकली तर पहिल्याच माणसाने आत धुळीचे दोन कण दिसतात म्हणून निम्मी किंमत सांगितली. अहो, वापरलेल्या लेन्समध्ये थोडी धूळ असतेच आणि ती फोटोत दिसत पण नाही, बघायची असते ती बुरशी, आपल्याकडे पावसाळ्यात लेन्स बॅगेत पडून राहिली की कोळ्याच्या जाळ्यासारखी धरते. म्हणून आता मी मागून टॉर्च मारून व्हिडिओच पाठवतो. आणि या लेन्सला फोकस करायची स्वतःची मोटर नाही, त्यामुळे निकॉन डी३५०० सारख्या मोटर नसलेल्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस चालत नाही, हे पण कोणी विचारायच्या आधीच सांगतो, नाहीतर घेणारा बिचारा अडकतो. शेवटी एक कॉलेजचा मुलगा दादरला भेटला, अर्धा तास फोटो काढून, झूम करून बघत होता, मला खूप बरं वाटलं, त्याला शंभर रुपये कमीच लावले.