बंदरी ताट, घाणा सातवा: बोंबलाचं कवच अखेर धरलं

बंदरी ताट म्हणजे मुंबईच्या हॉटेलांतलं खाणं नागपुरात जमवायचा आपला खटाटोप, आणि त्यातला एकेक प्रयत्न म्हणजे एक घाणा. सातव्या घाण्यात तळलेल्या बोंबलावरचं रव्या-पिठाचं कवच सुटलं नाही. नऊपैकी आठ बोंबील तव्यावरून कवचासकट उठले आणि जाळीवर दहा मिनिटं ठेवल्यावरही नखाने टिचकी मारली की टक् वाजत होते. नववा मधोमध मोडला. तो दोष कापण्यातला, त्याचं पुढे. सहाव्या घाण्याचे फोटो ज्यांनी पाहिलेत (तव्याला चिकटलेला रव्याचा लगदा आणि वर उघडा पडलेला पांढरा गोळा) त्यांना याचा आनंद वेगळा समजावायला नको.

सहा घाणे आपण सगळे रव्याच्या मागे लागलो होतो. जाड रवा, बारीक रवा, रव्यात बेसन, कुणीतरी सुचवलेला ब्रेडचा चुरा. रवा बिचारा निर्दोष निघाला. घोळ मसाला मुरवण्यात होता, त्यातही मुरवण्याच्या वेळेत.

बोंबलाच्या मांसात जवळपास नव्वद टक्के पाणी असतं. सुरमईत साधारण पाऊण भाग. तेलात पडला की हे पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि वाटेत कवच आडवं येतं. वाफेने रवा आधी फुगतो, मग मऊ पडतो, मग मांसापासून सुटतो. म्हणून तर बोंबील चपटा दाबून पाणी काढायचं, हे पहिल्या घाण्यापासून माहीत होतं आणि दाबतही होतो. पण दाबून झाल्यावर मीठ, लिंबू, आलं-लसूण, तिखट चोळून तासभर मुरत ठेवत होतो. मीठ त्या तासात आतलं आणखी पाणी ओढून वर आणतं. पाऊण तास वजनाखाली ठेवून केलेली कमाई अशी परत जात होती. थाळीच्या तळाशी जमलेलं लालसर पाणी प्रत्येक घाण्याच्या फोटोत दिसतंय. ‘मसाल्याला पाणी सुटलं’ म्हणत ते ओतून द्यायचो आणि पुढे जायचो. लिंबाने वर आणखी मांस भुसभुशीत केलं ते निराळंच.

उपाय एवढाच: मीठ दाबण्याच्या आधी. ते जेवढं पाणी काढणार तेवढं वजनाखालीच निघून जाऊ दे. नंतरच्या मसाल्यात मीठ नाही, लिंबू नाही, आणि मुरवायला दहा मिनिटांवर एक मिनिट नाही.

सातव्या घाण्याचं माप असं. साफ केलेले बोंबील अर्धा किलो, मध्यम आकाराचे नऊ. एक सपाट चमचा बारीक मीठ आणि पाव चमचा हळद दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने. थाळीच्या एका कडेखाली वाटी ठेवून उतार द्यायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, पाणी ओतायचं, कापडाने टिपायचं. मग धुतलेल्या सुती पंचाच्या दोन घड्यांमध्ये उघडे पसरून वर पाच ते सहा किलो वजन, चाळीस मिनिटं. पंचा भिजून जड होतो, म्हणून वीस मिनिटांनी एकदा बदला. हे टाळलं तर बोंबील आपल्याच पाण्यात पडून राहतो. शेवटी वजनकाटा हाच न्याय: शंभर ग्रॅमचे ऐंशीच्या खाली आले पाहिजेत. अर्ध्या किलोचे तीनशे नव्वद भरले तेव्हाच पुढे गेलो. बोटाने दाबल्यावर ओल न येता किंचित चिकट लागलं की समजा झालं.

वजनाबद्दल एक गोष्ट. पाटा-वरवंटा दिसायला झकास, पण ऑक्टोबरच्या नागपुरात मासळी चाळीस मिनिटं ओट्यावर ठेवणं म्हणजे आजाराला आमंत्रण. हे काम फ्रिजमध्येच व्हायला हवं आणि पाटा फ्रिजच्या काचेवर ठेवायची हिंमत कुणी करू नये. पाच लिटरचा पाण्याचा कॅन आदल्या रात्री गार करून ठेवा, खाली भाजीच्या कप्प्याच्या वरची मजबूत फळी घ्या, कॅन आडवा ठेवा. वजनही मिळतं, गारवाही.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. पंचा पाणी शोषतो, पण ते पाणी राहतं तिथेच. कुकरमध्ये डब्याखाली ठेवतो ती भोकांची ताटली असते ना, तशा दोन घेऊन मध्ये बोंबील दाबला तर? वर फक्त पातळ मलमल, खाली पाणी निथळायला परात. भोकांचे ठसे उमटतील, पण ते कवच धरायला मदतच करतील असं वाटतं. आठव्या घाण्यात अर्धे पंच्यात आणि अर्धे ताटल्यांमध्ये करायचे. भरलेल्या पापलेटचा बेत होता तो मागे सरकवतोय. एका घाण्यात एकच गोष्ट बदलायची हा नियम तिसऱ्या घाण्यात मोडला आणि त्याची शिक्षा तीन घाणे भोगली.

आता मोडलेला नववा. डोकं, पर, शेपटीचं टोक काढून पोट साफ केलं की पोटाकडून मधल्या काट्याच्या कडेने सुरी चालवायची आणि पाठीच्या कातडीच्या जरा अलीकडे थांबायचं. पुस्तकासारखा उघडला पाहिजे. पाठ म्हणजे त्या पुस्तकाची शिवण. ती कापली गेली की दाबताना दोन तुकडे ठरलेले. मधला काटा मऊ असतो, तरी काढलेला बरा, कारण त्याच्यामुळे बोंबील मध्ये उंच राहतो आणि तव्याला सगळीकडून टेकत नाही. डोकं विळीवर उडवा हवं तर, पण ही चीर सुरीनेच. विळीवर हात थांबत नाही.

मालाचं रडगाणं थोडक्यात. ताजा बोंबील झिरझिरीत, मोत्यासारखा चमकणारा आणि तोंडाशी गुलाबी-लाल असतो. दुधासारखा पांढरा झाला की वेळ गेलेली. नागपूर ते मुंबई रेल्वेने 837 किलोमीटर, त्यात हा मासा इतका नाजूक की बर्फाच्या भारानेच चेपतो. पेटीत तीनपेक्षा जास्त थर नकोत, बर्फ मासळीच्या वजनाइतका, आणि वितळलेलं पाणी बाहेर जायला तळाला वाट. एका पुरवठादाराने पाच थर भरून पाठवले. खालचे दोन चटणीच्या लायकीचे राहिले. गोठवलेली पाकिटं घ्यायची तर वजनात वरचा बर्फाचा लेपही मोजलेला असतो, म्हणून बर्फाशिवायचं निव्वळ वजन विचारा. आणि घरच्या फ्रीजरमध्ये ताजा बोंबील गोठवू नका. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे खडे होतात, ते मांस आतून फाडतात आणि वितळताना निम्मा जीव पाण्यातून जातो. पाकीट वितळवायचं ते चाळणीत ठेवून, फ्रिजमध्ये, रात्रभर. नळाखाली कधीच नाही.

पहिले तीन घाणे जुलैत झाले हेही त्यांच्या अपयशाचं एक कारण. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्या दिवसांत इथे मिळालेला बोंबील मे महिन्याचा किंवा त्याहून जुना. आता समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू असल्याने रात्रीच्या गाडीने आलेली पेटी सकाळी हातात पडते. रेल्वेच्या पार्सलपेक्षा पैसे जास्त जातात, पण चढउतार एकदाच आणि पेटी उन्हात फलाटावर पडून राहत नाही. आठव्यासाठी तोच मार्ग.

कवच: दोन भाग तांदळाचं पीठ, एक भाग बारीक रवा, चिमूटभर हिंग. तांदळाचं पीठ आधी एकट्याने हलकं लावायचं, झटकायचं, मग मिश्रणात घोळवायचं. कोरडं पीठ मसाल्याची ओल पिऊन गोंदाचं काम करतं. त्यावर रवा बसतो. बाजारच्या फार मऊ पिठापेक्षा गिरणीतून जरा रवाळ काढलेलं पीठ कितीतरी चांगलं. एचएमटी तांदूळ वापरला. दादाजी खोब्रागडेंनी चंद्रपूरच्या नांदेड गावात निवडून काढलेलं हे वाण कोकणातल्या माशावर चढवताना बरं वाटलं, एवढंच. चवीत फरक पडला असं म्हणणार नाही. घोळवलेला बोंबील थांबवायचा नाही. घोळवला की तव्यावर.

तवा बिडाचाच. नॉनस्टिकवर बोंबील सुटतो छान, पण कवचाला तो खरपूस रंग येत नाही. तेल तव्यावर तीन-चार मिलिमीटर उभं राहील इतकं, तापमान 170 ते 180 अंश. थर्मामीटर नसेल तर रव्याची चिमूट टाका: लगेच वर येऊन तडतडली तर ठीक, बसून राहिली तर थांबा, काळी झाली तर गॅस कमी. एका वेळी तीनच. पहिली बाजू तीन मिनिटं, कडा तपकिरी होईपर्यंत हात लावायचा नाही, मग एकदाच उलटायचा, दुसरी बाजू दोन मिनिटं. काढून तारेच्या जाळीवर. वर्तमानपत्रावर ठेवलेला बोंबील खालून वाफेने दोन मिनिटांत नरम होतो.

तेल शेंगदाण्याचं. सावजीचा अभिमान म्हणून जवसाच्या तेलात तळायची सूचना आली होती. नको. कच्च्या घाणीचं जवस तेल तळणीच्या तापमानाच्या कितीतरी आधी धूर सोडतं आणि तापलं की त्यालाच मासळीसारखा वास येतो. रश्श्यात ते जागेवर आहे, तव्यावर नाही. सावजी मसालाही बोंबलावर नको. खडा मसाला त्याची गोडसर चव पुसून टाकतो. तिखटाला मात्र भिवापुरी मिरची चालली, एक चमचा, सोबत रंगाला दीड चमचा बेडगी. लिंबाच्या जागी एक चमचा कोकमाचं आगळ. आगळ खारट असतं, म्हणूनही मसाल्यात वेगळं मीठ नको. आलं-लसणाची पेस्ट दोन चमचे, पण पिळून. मिक्सरमध्ये वाटताना घातलेलं पाणी राहिलं तर सगळी मेहनत पुन्हा तिथेच.

मुंबईतल्या कोणत्या हॉटेलचा बोंबील नमुना मानायचा, हा आपला वाद इथे मिटवूया. पार्ल्याच्या गजालीचा बोंबील म्हणजे पातळ, कडक, जवळजवळ चिपसारखा. वांद्रे पूर्वेच्या हायवे गोमांतकमधला घरगुती, आत मऊ. दोन्ही आवडते, पण दोन्ही एकाच मापाने होणार नाहीत. सातवा घाणा दुसऱ्याच्या जवळ पोचलाय. पहिल्यासाठी आणखी पाणी काढावं लागेल आणि पीठ रव्याच्या तिप्पट करून बघावं लागेल. ताटातला दुसरा पदार्थ, बॅलार्ड इस्टेटमधल्या 1923 सालच्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलचा बेरी पुलाव, सध्या थांबवलाय. इथे झेरेश्कच्या (पुलावात घालायच्या इराणी सुक्या बेरीच्या) नावाखाली साखरेत घोळलेली क्रॅनबेरी हातात देतात. ती तुपात टाकली की पाक होतो. खरी झेरेश्क आंबट असते, तुपात अर्ध्या मिनिटात जळते, त्यामुळे पारख करायला एक चमचा पुरतो.

सोलकढी मात्र जमली, आणि तिचा रंग दोन तास टिकला. नागपुरात मिळणारे नारळ जून असतात, त्यामुळे दूध तेलकट निघतं आणि कढी फुटते. एका मोठ्या नारळाला दीड कप कोमट पाणी, गरम नाही. फक्त पहिलं आणि दुसरं दूध. ते अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून वर आलेला घट्ट थर थोडा काढून टाका. बारा-पंधरा आमसुलं एक कप पाण्यात अर्धा तास, कुस्करून गाळलेलं ते पाणी दुधात थोडं थोडं. उलटं केलं, म्हणजे कोकमाच्या पाण्यात दूध ओतलं, तर गुठळ्या होतात. दोन पाकळ्या लसूण, अर्धी हिरवी मिरची, ठेचून आणि गाळून. विस्तवाजवळ न्यायची नाही. ‘यात तर्री कुठे’ असं विचारणाऱ्या पाहुण्यांना आधी वाटीभर पाजा, मग ताट वाढा.

पापलेट मागे गेल्यावर रिकाम्या जागेत काय, तर भरलेले बोंबील. मुंबईच्या जय हिंद लंच होमच्या धर्तीवर, पण आत कोळंबीऐवजी भंडाऱ्याकडचे गोड्या पाण्यातले झिंगे. बारीक झिंगे आधी कोरडे परतून घ्यायचे, पाणी पूर्ण आटेपर्यंत. ओलं सारण आत गेलं की सातव्या घाण्याचं शिकलेलं वाया. दाबलेल्या बोंबलावर एक चमचा सारण, गुंडाळी, दोन टूथपिक, आणि कवचाला या वेळी फक्त तांदळाचं पीठ, कारण गुंडाळीच्या घडीत रवा कच्चा राहायची भीती. हे आठव्यात नाही, नवव्यात.

पेटी शुक्रवारी सकाळी येतेय: दीड किलो अख्खे, साफ करून किलोच्या आसपास उरतील. कुकरच्या भोकांच्या ताटल्या दोन हव्यात, बावीस सेंटिमीटरच्या, एक आहे. दुसरी ज्यांच्याकडे असेल त्यांनी गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगा, आणि भोकं मोठी असलेलीच द्या, बारीक भोकांत बोंबलाचं मांस अडकतं.