लांगदॉक: होकारावरून पडलेलं नाव

दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉक प्रांताला नाव मिळालं ते तिथले लोक 'हो' कसं म्हणत यावरून. तिथल्या तुलूझ शहरात राहायला आल्यावर हे कळलं आणि तेव्हापासून या नावाने मला धरून ठेवलंय. 'लांग' म्हणजे भाषा, 'लांग द ऑक' म्हणजे 'ऑक'वाल्यांची भाषा. लॅटिनमधल्या 'होक'चा दक्षिणेत 'ऑक' झाला. उत्तरेत 'होक इल्ले'चं 'ओईल' झालं आणि त्याचंच पुढे आजचं फ्रेंच 'वी'. इटालियन कवी दान्तेनेही चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला 'ऑक', 'ओईल' आणि इटालियन 'सी' अशी भाषांची वाटणी होकारावरूनच केली होती.

पण हे नाव इथल्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाही. १२७१ साली तुलूझच्या काउंटांचा मुलूख फ्रान्सच्या राजाकडे गेला. नव्या मुलखाला काय म्हणायचं, हा प्रश्न उत्तरेकडून कारभार बघणाऱ्या राजाच्या माणसांना पडला. 'ते ऑक म्हणणारे' ही खूण त्यांना पुरली. 'ऑक्सितानिया' हे लॅटिन रूपही राजाच्या त्याच कागदपत्रांत रुळलं.

खरं तर 'ऑक' म्हणणारे लोक या प्रांतापुरते कधीच नव्हते. प्रोव्हान्स, लिमुझँ, ओव्हेर्न्य, गास्कोन्य, एवढंच काय, स्पेनमधलं आराँ खोरं आणि इटलीतल्या आल्प्समधली काही खोरी, इथेही हीच भाषा वेगवेगळ्या बोलींत होती. भाषेचा मुलूख मोठा, नाव मात्र त्यातल्या एका तुकड्याला चिकटलं. आजचे सगळे वाद इथूनच सुरू होतात.

१७९० मध्ये क्रांतीने जुने प्रांत मोडून देपार्तमाँ, म्हणजे जिल्हे, केले आणि त्यांना नद्या-डोंगरांची नावं दिली. तुलूझहून भूमध्य समुद्राकडे जाणारा कालवा १६८१ मध्ये पुरा झाला तेव्हा 'लांगदॉकचा राजकालवा' होता. क्रांतीनंतर तो 'कनाल द्यु मिदी', दक्षिणेचा कालवा, झाला. विसाव्या शतकात मोठे विभाग आखले तेव्हा मोंपेलिएकडच्या भागाला 'लांगदॉक-रुसियाँ' म्हटलं. तुलूझ, जिथे जुन्या लांगदॉकचं उच्च न्यायालय होतं, ते गेलं शेजारच्या 'मिदी-पिरेने'त. म्हणून आज तुलूझमध्ये कुणी स्वतःला लांगदॉकचा म्हणवताना मला भेटलेलं नाही. शहराच्या मध्यभागी 'र्‍यू द्यु लांगदॉक' नावाचा रस्ता आहे तेवढा. बाकी हा शब्द दिसतो तो वाइनच्या बाटलीवर.

२०१६ मध्ये हे दोन्ही विभाग एक झाले. नव्या नावासाठी लोकांचा कौल घेतला, पाच पर्याय ठेवले, त्यांत 'लांगदॉक'ही होतं. सर्वाधिक पसंती 'ऑक्सितानी'ला मिळाली आणि त्या सप्टेंबरात ते अधिकृत झालं. रुसियाँमधल्या पेर्पिन्याँ शहराकडचे लोक मात्र रस्त्यावर उतरले, कारण रुसियाँ हा कॅटलान मुलूख, म्हणजे बार्सिलोनाकडची कॅटलान भाषा बोलणारा. १६५९ च्या तहाने तो स्पेनकडून फ्रान्सकडे आला. तिथे 'हो'ला 'सी' म्हणतात, 'ऑक' नव्हे. आपण त्या नावात कुठे आहोत, हा त्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

नाव एवढं गाजतंय आणि भाषा? माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक वयस्क बाई राहतात. त्यांचे आजी-आजोबा घरात काय बोलायचे असं विचारलं, तर म्हणाल्या, "पात्वा." ऑक्सितान, म्हणजे या 'ऑक'वाल्या भाषेचं आजचं नाव, हा शब्द त्यांनी वापरलाच नाही. पात्वा म्हणजे गावंढळ बोली. शाळेत ती बोललं की शिक्षा व्हायची, हे त्यांनी आजीकडूनच ऐकलेलं. पिढ्यान् पिढ्या असं झाल्यावर आईबापांनी मुलांशी ती भाषा बोलणं सोडलं. मराठी शाळांच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला हे ऐकताना अस्वस्थ व्हायला होतं.

तरी प्रयत्न चालू आहेत आणि मला ते मनापासून महत्त्वाचे वाटतात. 'कालांद्रेता' नावाच्या शाळांत मुलांना ऑक्सितानमधूनच शिकवतात. त्यातली पहिली १९७९ मध्ये पो शहरात निघाली. तुलूझच्या मेट्रोत स्टेशनचं नाव दोनदा सांगतात, आधी फ्रेंच, मग ऑक्सितान: 'जाँ-जोरेस', लगेच 'जुआन जाउरेस'. समाजवादी नेते जोरेस इथल्याच कास्त्र गावचे. दक्षिणेतल्या शाळांत ही भाषा शिकवा, असं त्यांनी १९११ मध्येच लिहिलं होतं. विभागाच्या नावासाठी जेवढी धडपड झाली तेवढी जर शिक्षक तयार करायला झाली, तर ते नाव शोभेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

इकडे फिरायला येणाऱ्यांना एक सांगून ठेवते. सरकारी कागदावर, रेल्वेच्या पासवर 'ऑक्सितानी' दिसेल, ते विभागाचं नाव. वाइनच्या दुकानात 'लांगदॉक' म्हणा, बरोबर बाटली मिळेल. आणि पेर्पिन्याँला गेलात तर तिथल्या माणसाला ऑक्सितान म्हणू नका, कॅटलान म्हणा.